पावसाळ्यात कोरडी ठेवायची कुंडी

सकाळपासून परभणीत पाऊस लागलाय, अंगणातल्या सगळ्या कुंड्या न्हाऊन निघाल्यात आणि एकच कुंडी आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर कोरडी ठणठणीत बसलीय. येणारा-जाणारा विचारतो, ती रिकामी कुंडी वर काहून ठेवली? मी सांगते, रिकामी नाही, झोपलीय. मग समोरचा माझ्याकडं जसं बघतो ते आता सवयीचं झालंय.

तिच्यात सायक्लेमेन नावाच्या फुलझाडाचा कंद आहे. पुण्यात एका लग्नाला गेलो होतो डिसेंबरात, येताना नर्सरीत दिसलं आणि घेतलंच. पानं हृदयाच्या आकाराची, हिरव्यावर चांदीचं नक्षीकाम केल्यासारखी, आणि फूल असं की मान खाली आणि पाकळ्या सगळ्या वर, एखादीनं घाईघाईत पदर मागं टाकावा तशा. आईनं बघितलं आणि म्हणली, ही तर कळलावी दिसायली गं, गुलाबी कळलावी. खरंच तसंच दिसतं, कळलावीच्या पण पाकळ्या अशाच मागं वळलेल्या असतात आणि खाली कंद पण असतो, आणि दोघींचेही कंद विषारी. पण नातं काही नाही. सायक्लेमेन प्रिम्युलाच्या कुळातलं आणि कळलावीचं कुळ पार वेगळं. आईला हे सांगितलं तर म्हणली, असू दे, दिसायला बहिणीच हायत.

ती पहिली कुंडी मी मारली, कपाटावर आहे ती दुसरी. मार्चमधे पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं ऊन लागतंय, पाणी वाढवलं. अजून पिवळी पडली, अजून पाणी. मे महिन्यात वर काहीच उरलं नाही तरी कुंडी तशीच पायरीवर राहिली, आणि मी ऑफिसला गेले की आई गुपचूप तांब्याभर पाणी घालायची कारण वाळलेलं झाड बघून तिचा जीव राहत नाही. जूनमधे दोन मोठे पाऊस झाले. उकरून बघितलं आणि कंद बोटानं दाबला तर पिकलेल्या चिकूत जावं तसं बोट आत गेलं. आणि वास! तो वास सांगण्यासारखा नाही.

मग डोक्यात बसलं की ह्याचं वेळापत्रकच आपल्या उलटं आहे. ही झाडं मुख्यतः भूमध्य समुद्राच्या आजूबाजूची, तुर्कस्तान, ग्रीस, इटली, लेबनॉन, जवळपास २३ जाती आहेत आणि एक तर थेट सोमालियात सापडते. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठक्क असतो, म्हणून हा कंद उन्हाळाभर झोपतो आणि पहिल्या थंड पावसाला उठतो. आपली कळलावी पण झोपते, पण ती झोपते हिवाळ्यात-उन्हाळ्यात आणि मृगाच्या पावसानंतर बांधावर, कुंपणात वर येते. म्हणजे युक्ती एकच, वाईट दिवस जमिनीखाली काढायचे, फक्त वाईट दिवस कुठले ह्यावर दोघींचं एकमत नाही. आणि परभणीत जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो तो बरोबर सायक्लेमेनच्या झोपेत पडतो. उन्हानं नाही मेला माझा कंद, झोपेत बुडून मेला.

माझी भाची इंग्लंडमधे असते, तिच्या घरामागं एका मोठ्या बीचच्या झाडाखाली आधीच्या मालकानं हे लावून ठेवलेलं, तिला नाव पण माहीत नव्हतं. इकडं आपल्या महालक्ष्म्या बसतात त्या सुमाराला तिचा फोटो येतो, नुसती फुलं, पान एकही नाही, जमिनीतून सरळ गुलाबी फुलंच. ते हेडेरिफोलियम जातीचं, म्हणजे आयव्ही नावाच्या वेलीसारख्या पानांचं. फुलं आधी, पानं नंतर, आणि ती पानं मग हिवाळाभर राहतात. वरचं झाड तेव्हा पानगळ होऊन मोकळं झालेलं असतं त्यामुळं खाली ऊन मिळतं, आणि वसंतात वर पालवी फुटून सावली दाट व्हायला लागली की हे आपलं गुंडाळून आत. काय हिशोबी झाड आहे बघा. नंतर आम्ही संक्रांतीला तिळगूळ आणि हुरड्याचे फोटो टाकतो तेव्हा तिकडून दुसरे फोटो, बर्फात डोकं काढलेली छोटी बुटकी फुलं, गोल पानं, ती कूम नावाची जात. रेपॅंडम नावाचं एक आहे ते एप्रिल-मेमधे फुलतं, ते तिच्याकडं नाही. आणि पर्प्युरासेन्स म्हणून एक आहे ते भर उन्हाळ्यात फुलतं, वासही येतो आणि पानं जवळजवळ बारा महिने असतात, कारण ते आल्प्सकडचं, जिथं उन्हाळ्यातही पाऊस असतो. हे वाचून मी उड्या मारल्या, म्हणलं आपल्यासारखंच की, पण तो उन्हाळा आल्प्सचा आहे हे जरा उशिरा लक्षात आलं.

भाची सारखी म्हणते मावशी, हे हार्डी आहेत, कुठंही येतील. आता हार्डी म्हणजे काय, तर बर्फात मरत नाही. आमच्याकडं बर्फ कुठून आणू? आमच्याकडं पारा मे महिन्यात ४३-४४ वर जातो. इथं हार्डी कोण हे ठरवायचं तर मे आणि जुलै दोन्ही काढून दाखवले पाहिजेत, आणि त्या परीक्षेत कूमचं काही खरं नाही. माझ्याकडचं नर्सरीतलं पर्सिकम जातीचं, ते तिकडं नाजूक समजतात, कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवलं की संपलं, पण इथं तेच जास्त काटक निघालं. ग्रीकम म्हणून एक आहे, ते मात्र एकदा करून बघायचंय, त्याला उन्हाळ्यात कंद चांगला भाजून निघाला तरच फुलं नीट येतात म्हणे, भाजून द्यायला आम्ही बसलोच आहोत.

बिया भाचीला आणायला सांगितल्या नाहीत. परदेशातून बिया आणायच्या तर आयातीचा परवाना लागतो, तिकडचं रोग-किडीचं सर्टिफिकेट लागतं, नियम आहे तो. म्हणून एका ऑनलाईन दुकानातून 'हार्डी सायक्लेमेन' लिहिलेलं पाकीट मागवलं, आल्या बारीक काळ्या चकचकीत बिया. सायक्लेमेनचं बी तपकिरी, ज्वारीपेक्षा थोडं लहान आणि कोनाकोनांचं असतं, हे तेव्हा माहीत असतं तर पेरल्याच नसत्या. पेरल्या, आठवड्यात तरारून उगवल्या, आई येऊन बघून म्हणली, अगं हा तांदुळजा आहे. एका वेळची भाजी झाली, भाकरीबरोबर छान लागली.

तर दुसरी कुंडी. त्याच पुण्यातून, पुढच्या हिवाळ्यात. ह्यावेळी काळी माती अजिबात नाही, ती पाणी धरून बसते. चाळलेला बारीक मुरूम, वाळू, थोडं कडुनिंबाच्या पाल्याचं खत, मातीची कुंडी, आणि कंद अर्धा वर उघडा. पाणी कडेकडेनं द्यायचं, कंदाच्या डोक्यावर नाही. पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडत न्यायचं, मग बंद. मृगाच्या आधी कुंडी उचलून कपाटावर, आईचा हात पोचणार नाही अशी. ती दर आठवड्याला विचारते, मेलेल्याला काय राखायलीस गं, जराशक पाणी घालू का?

त्या वर्षी ऑक्टोबरची उकाड संपेपर्यंत थांबले. दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या तेव्हा पहिलं पाणी दिलं, थोडंच. आठ-दहा दिवस काही नाही. मग एका सकाळी कंदाच्या वरच्या खरखरीत भागावर तिळाएवढे गुलाबी ठिपके दिसले, भिंग घेऊन बघितलं तर घडी घातलेली पानं. परभणीची थंडी इथं कामाला आली, डिसेंबरमधे पारा पाच-सहावर उतरला की पेपरात फोटो येतात शेकोटीचे, आम्ही स्वेटर घालून कुडकुडतो आणि हे बाई खूश. जानेवारीत एकूण नऊ फुलं. मोजली, हो.

नखावर पराग घेऊन एका फुलाचे दुसऱ्याला लावले, बोंडं धरली. हेडेरिफोलियममधे फळ धरलं की दांडा जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी घेतो आणि बोंड जमिनीशी ओढून आणतो, भाचीनं व्हिडिओ पाठवलाय. पर्सिकम मात्र वेटोळं करत नाही, नुसती मान टाकतं. बिया थंडी आल्यावर एक दिवस भिजवून पेरल्या आणि वर स्टीलचं ताट झाकलं कारण ह्यांना उगवायला अंधार लागतो. महिना उलटून गेला तरी काही नाही, मग एकेकच पान. आधी खाली इवलासा कंद बनतो आणि मग वर एक पान, बस. अकरातली दोन जगलीत, कंद हरभऱ्याएवढे. तेही वर कपाटावरच आहेत.

आत्ता भाचीचा नवा फोटो आला, तिची बोंडं फुटलीत आणि मुंग्या बिया ओढून नेतायत. बियांना गोड चिकट आवरण असतं, मुंग्या ते खातात आणि बी टाकून देतात, तशी झाडं लांब लांब पसरतात. आईला दाखवलं. म्हणली, मग आपल्या पण कुंडीला मुंग्या लागतील की, वर साखरेचा डबा आहे. डबा हलवला. त्या कोपऱ्यात छत जरा पाझरतं, कुंडीवर टपकत तर नाही ना ते बघून येते.