कोपराखालचा हात

पोतोसी, बोलिव्हिया, रात्री उशिरा

उज्ज्वला केव्हाच झोपली. या गावात झोप सावधच लागते. चार हजार मीटरच्या वर आहोत, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते. पण माझी झोप उंचीने उडालेली नाही. ती ला पाझला उडाली, त्या बाईने हात दिला तेव्हापासून. लिहून काढल्याशिवाय हे डोक्यातून जायचं नाही.

गोष्ट एवढीशी आहे. ला पाझच्या सोपोकाची भागात मोंतिकुलोच्या बागेकडे पायऱ्या चढत होतो. तिथून इयिमानी शिखर समोर दिसतं, म्हणून उज्ज्वला भराभर पुढे गेली होती. मी मध्यावर कठड्याला धरून उभी. धाप लागली होती, पण ठीक होते, जराशाने निघणारच होते. मागून एक चोलिता आली, पारंपरिक वेषातल्या इथल्या बाईला चोलिता म्हणतात. डोक्यावर गोल हॅट, दोन लांब वेण्या, पोयेरा म्हणजे घेरदार घागरा, आणि पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायो कापडात बांधलेलं ओझं. बटाटे असावेत, कापडाखालून टेंगळं दिसत होती. वयाने माझ्यापेक्षा मोठी असेल, लहान तर खास नाही. ती शेजारी थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता माझ्या कोपराखाली तळवा दिला. मनगट धरलं नाही, दंड पकडला नाही. कोपराखाली तळवा, अंगठा बाहेर. मग एकेक पायरी. माझा श्वास बसेपर्यंत ती प्रत्येक पायरीवर थांबत होती. वर पोचल्यावर तिने माझा हात अलगद कठड्यावर ठेवून दिला आणि वळून आपल्या वाटेने गेली. तिची वाट अजून वरच जात होती.

उज्ज्वला म्हणाली, "किती गोड गं!" गोड आहेच. मी हसले होते, ग्रासियास म्हणाले होते. मग इयिमानी बघितलं, सहा हजार चारशे मीटरच्या वरचा तो पांढरा डोंगर, ज्याच्यासाठी एवढ्या लांब आले, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. कोपर तेवढं जाणवत राहिलं.

मी आईंना, माझ्या सासूबाईंना, अशीच न्यायचे. पलंगापासून बाथरूमपर्यंत, पुढे पुढे तर पलंगापासून खुर्चीपर्यंतच. अंगठा बाहेर ठेवायचा, कारण आत घेतला की त्यांची कातडी चिमटायची. हे कोणी शिकवत नाही, रोज करून करून हातालाच समजतं. म्हणजे त्या बाईनेही कोणाला तरी वर्षानुवर्षं नेलेलं असणार. आणि तिच्या हाताने एका नजरेत ठरवून टाकलं की मी नेणाऱ्यांतली नाही, न्यायच्या माणसांतली आहे.

ते लागलं मला. अजून लागतंय.

त्याआधी सांता क्रूझ शहरात होतो, तिथे असं काही नव्हतं. तिथे मी वेगळीच होते. समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटर, सपाट, दमट, उकाडा असा की पदर असता तर वारा घेतला असता. शहर एकाभोवती एक कड्यांनी वाढलंय, पहिलं कडं, दुसरं कडं, तिसरं, आणि पत्ता सांगतानाही कोणत्या कड्यांच्या मध्ये ते सांगतात. २४ सप्टेंबर चौकात संध्याकाळी अख्खं गाव हवा खायला येतं. मी न थकता फिरले, उज्ज्वलाची पिशवीसुद्धा मीच घेतली. तिथे कुन्यापे खाल्ले, चीज घालून भाजलेले गोल पाव. पिठाची चव ओळखीची वाटली म्हणून चौकशी केली तर युकाचं सत्त्व निघालं, ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा होतो तोच. एकादशीला चालतील असं उज्ज्वला म्हणाली. किती हसलो आम्ही.

आमच्या घरमालकीणबाईंनी तिथेच बजावलं होतं. वरच्या लोकांकडे कशाला जाता, तिथे थंडी, आणि माणसंही थंड. सखल भागातले कांबा आणि पठारावरचे कोया, दोघांचं एकमेकांशी पटत नाही, दोघे एकमेकांबद्दल असंच बोलतात म्हणे. मी मान डोलावली. मग विमानात बसलो, तासाभरात ला पाझच्या वरच्या एल आल्तोला उतरलो आणि सामानाच्या पट्ट्यापाशीच डोकं गच्च झालं. शरीर तेच, माणूस तोच, आणि सूटकेस उचलताना हात कापतोय. उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या या त्रासाला इथे सोरोची म्हणतात. हॉटेलवाल्याने कोकाच्या पानांचा चहा पुढे केला आणि काही न विचारता खालच्या मजल्याची खोली दिली. तेही लागलंच होतं थोडं, पण ते विसरले.

ला पाझ हे असलं शहर आहे की तिथे उतार म्हणजे पैसा. श्रीमंत लोक खाली, दक्षिणेकडच्या दरीत, जिथे हवा जरा दाट आणि ऊबदार. जसजसं वर जावं तसतशी घरं विटांची, बिनगिलाव्याची होत जातात, आणि कड्यावर पसरलंय एल आल्तो, चार हजार मीटरच्या वर, मुख्यतः आयमारा लोकांचं. २०१४ साली केबलगाड्या सुरू झाल्या तोवर वरून खाली कामाला येणारी माणसं मिनीबसच्या रांगांमध्ये जन्म काढत होती. आता लाल मार्गाने काही मिनिटांत वर. आम्ही बसलो होतो त्या पाळण्यात समोर दोन शाळकरी मुली गृहपाठ करत होत्या. खाली पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे, कुत्री, एका गच्चीत फुटबॉल. मी पोटभर बघून घेतलं. ती बाई रोज असंच वर-खाली करत असणार. ओझ्यासकट.

आणि तिथेच रस्त्यावर झेब्रेही होते! खरंच, पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घातलेली तरुण मुलं झेब्रा क्रॉसिंगवर उभी राहून गाड्या थांबवतात आणि लोकांना पलीकडे नेतात. २००१ पासून शहराने हे चालवलंय. एका झेब्र्याने माझा हात धरून मला रस्ता पार करवला, वर एक गिरकी घेतली. मी खुदखुदून हसले, मला जराही लागलं नाही. मग त्या जिन्यावर का लागावं? झेब्रा सगळ्यांनाच हात देतो, कॉलेजातल्या पोरांनाही देतो, म्हणून? त्या बाईने पायऱ्यांवरच्या इतक्या माणसांतून मला निवडलं, म्हणून?

सुधीर असता तर म्हणाला असता… असो.

सुक्रेला उतरलो तेव्हा वाटलं, संपलं हे प्रकरण. सुक्रे २८०० मीटरवर, म्हणजे ला पाझच्या मानाने खालीच. पांढरंशुभ्र गाव, जुन्या भागातली घरं चुन्याने पांढरी ठेवण्याचा नियमच आहे. हवा पुण्याच्या जानेवारीसारखी. श्वास परत आला, जेवण जाऊ लागलं. बाजारात रसवाल्या बायका ओळीने उंच ओट्यांवर बसतात. पेला रिकामा केला की मिक्सरमध्ये उरलेला रस पुन्हा आपल्याच पेल्यात ओततात, त्याचे पैसे नाहीत. मी त्याच ओट्यावर रोज जाऊ लागले. बाईंना माझी पपई कळली होती.

पण सुक्रेतच ते पुन्हा वर आलं. ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाचं स्वातंत्र्य जिथे जाहीर झालं ते घर बघायला गेलो होतो. तिथे हुआना असुर्दुय भेटली. याच भागातली, तेव्हा या गावाला चुकिसाका म्हणत. स्पेनविरुद्ध घोड्यावर बसून फौजा चालवल्या तिने. नवरा लढाईत गेला, चार मुलं त्या धामधुमीत गेली. आणि १८६२ साली याच गावात ती कंगाल अवस्थेत म्हातारी होऊन मेली. आज देशाच्या तोंडी तिचं नाव आहे. मी तिथे उभी राहून एकच विचार करत होते, शेवटच्या दिवसांत तिला पलंगावरून कोण उठवत असेल? तिच्यासारखीने कोणाचा हात घेतला असेल का? की झिडकारला असेल?

आई झिडकारायच्या. "सोड, मी जाते." दर वेळी. कोपर झटकायच्या, आणि तोल जायचा म्हणून मी पुन्हा धरायचे, आणि पुन्हा झटकायच्या. मला वाईट वाटायचं, वन्संना फोनवर सांगायचे की एवढं करून वर हे. मी काही चुकत नव्हते, हात नसता तर त्या पडल्या असत्या, आणि पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण त्या झटक्याला मी स्वभाव म्हणत आले. तो स्वभाव नव्हता. ला पाझच्या जिन्यावर माझ्या कोपरातही तोच झटका आला होता, अगदी तोच, फक्त मी तो दाबला. परक्या देशात, परक्या बाईसमोर. घरात असते तर दाबला असता का कोण जाणे.

आज दिवसभर पोतोसीत होतो. इथे कुठल्याही गल्लीत शिरा, टोकाला तो डोंगर उभा असतोच, सेर्रो रिको, लालसर, ढासळत चाललेला. १५४५ मध्ये इथे चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे ओसाड माळावरचं गाव जगातल्या मोठ्या शहरांत मोजलं जाऊ लागलं. आसपासच्या मुलखातल्या कर्त्या पुरुषांपैकी दर सातातला एक पाळीपाळीने खाणीत आणला जायचा, सक्तीने. इथली चांदी स्पेनला जायची, तिथून हातोहात आपल्या सुरतेलाही यायची आणि टांकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये व्हायचे. महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्या थैल्यांत या डोंगराचंही काही असेल का, असं मनात आलं. उज्ज्वलाला म्हटलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, चल, बसू या कुठेतरी.

खाणीत आम्ही गेलो नाही. पर्यटक जातात, कामगारांसाठी कोकाची पानं नि सरबताच्या बाटल्या विकत घेऊन. मला ते बघायला जाणं झेपलं नसतं, पायांनाही नाही आणि मनालाही नाही. उतारावर टाकलेल्या दगडमातीतून खनिज वेचणाऱ्या बायका लांबून दिसल्या, त्यांना पायिरी म्हणतात. वाकलेल्या, हातात हातोडी. मग माझं ते कोपराचं दुःख इतकं लहान झालं की लाज वाटली. पण लहान झालं म्हणून गेलं नाही, हेही खरं.

दुपारी कालापुर्का खाल्लं. मक्याच्या पिठाचं दाट सार, मातीच्या वाडग्यात, आणि वाढताना त्यात तापलेला काळा दगड सोडतात. टेबलावर आलं तरी रटरटत असतं, कडेने बुडबुडे, मध्ये दगड तसाच. दगड चाटायचा नाही हे खुणेने सांगायला वाढणारी मुलगी थांबून राहिली होती. अंगात ऊब आली तशी मी उज्ज्वलाला सांगून टाकलं. परतीच्या चढावर माझ्या डाव्या बाजूने चाल, उजवा गुडघा बरा आहे, डावा नाही. हात मी धरीन, तू धरू नकोस. ती म्हणाली, बरं. आणि चढावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, थांबायचं तिथे मी थांबले, निघायचं तेव्हा मी निघाले. चांगलं चाललं. आईंना असं कधी विचारलं गेलं नाही, कोणत्या बाजूने येऊ, कुठे धरू. त्यांनीही सांगितलं नाही. सांगता येतं हे दोघींपैकी कोणाला सुचलं नाही.

उद्या टांकसाळ बघायची. खेचरांच्या ताकदीवर फिरणारी लाकडी दातेरी चक्रं अजून जागच्या जागी आहेत म्हणतात, ती मला नीट, वेळ काढून बघायची आहेत. मग उयुनीचं मिठाचं मैदान. तिथून पुढे जीपने लाल सरोवर आणि गरम फवारे, तो रस्ता ४८०० मीटरच्या वर चढतो, तिकडे मी जाणार नाही. रात्री जेवताना उज्ज्वलाला तसं सांगितलं. तिने जावं, फ्लेमिंगो बघावेत, मला फोटो दाखवावेत. मी उयुनीला मिठावर चालेन. दहा हजार चौरस किलोमीटरचं मीठ आहे आणि सगळं सपाट आहे.