पाळी जाताना येणाऱ्या वाफा, हार्मोनच्या गोळ्यांशिवाय

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45च्या वर जातो, तेव्हा अंगातली आग उन्हाची की पाळी जाण्याची, हे बाईला कळेनासं होतं. उन्हाची काहिली दिवसभर असते. पाळीची वाफ एकाएकी छातीतून मानेवर, तोंडावर चढते, दोन-चार मिनिटांत घाम फुटतो आणि मग हुडहुडी भरते. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम सोडतं. गारव्याने वाफा फारशा कमी होत नाहीत, पण झोप टिकते, आणि तेही मोलाचं आहे.

चूक बहुतेक कूलरपाशी होते. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि रात्री दोनला अंथरूण ओलं. कूलर खिडकीबाहेर ठेवा, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, म्हणजे हवेला बाहेर जायला वाट राहते. कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या पाण्यातल्या खाराने पांढऱ्या, कडक झाल्या असतील तर बदला. त्यात पाणी झिरपत नाही, नुसती गरम हवा येते. पाऊस लागला की मोटर बंद, पंखा तेवढा चालू. नायलॉनच्या साडीत झोपू नका, सुती गाऊन घाला आणि उशाशी ओला दुपट्टा ठेवा.

दुसरं काम वहीचं. 14 दिवस लिहा: वाफ किती वाजता आली, आधीच्या अर्ध्या तासात काय झालं. कुणाचं कडक चहाने होतं, कुणाचं ठेच्याने, कुणाचं चुलीपुढे बसल्याने. सगळं एकदम सोडू नका. एकच गोष्ट आठवडाभर बंद करून बघा, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही. सोयाबीन आपल्याच वावरात पिकतं, म्हणून त्याबद्दल बाया हमखास विचारतात. प्रथिनांसाठी भिजवून, नीट शिजवून खुशाल खा. वाफांवर औषध म्हणून त्याचा भरवसा धरू नका. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र वाफा कमी होतात.

'आता वाफ येणार, चारचौघांत शोभा होणार' या धास्तीनेच निम्मा त्रास होतो. विचारांची दिशा बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने, म्हणजे सीबीटीने, हा जाच कमी होतो, हे लंडनच्या मानसशास्त्रज्ञ मायरा हंटर यांच्या 2012 च्या अभ्यासांत दिसलं. वाफा तितक्याच येतात, पण बाई हबकत नाही. गावात समुपदेशक नसतो. मन फार खचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर मराठीत, फुकट बोलता येतं.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून हार्मोन नसलेली गोळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. व्हेनलाफॅक्सिन साधारण 37.5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि त्यावर बीपी तपासत राहतात. झोपमोड जास्त असेल तर गॅबापेंटिन 300 मिलिग्रॅम रात्री देतात; त्याने सकाळी गुंगी राहते, तेव्हा विहिरीवर, विळ्या-कोयत्याशी जपून. पॅरॉक्सेटिन 7.5 मिलिग्रॅमला अमेरिकेत 2013 मध्ये याच त्रासासाठी मान्यता मिळाली, पण स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ती नको. टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होतो. बरं वाटलं म्हणून यातली कोणतीच गोळी एकदम तोडू नका. गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा, धडधड आणि घाम त्यांनीही होतो.

योनीची जागा कोरडी पडून दुखत असेल तर पाण्याच्या आधाराची जेल वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर फाटतं.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. वयाच्या 45च्या आत पाळी गेली, किंवा त्याच वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हार्मोन टाळणं बहुतेकींसाठी चुकीचं आहे. हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयालाही धोका वाढतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांचं वेगळं. नुसती पिशवी काढली असेल तर पाळी थांबते, पण अंडाशयं चालू असतात, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं ते वाचून घ्या.

पाळी बंद होऊन 12 महिने झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी 'उष्णतेने झालं' म्हणून सोडू नका. पिशवीच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. मजुरीचा दिवस बुडाला तरी चालेल, त्याच आठवड्यात सोनोग्राफीला जा.