रॉडचा आवाज

शुक्रवारी रात्री मेसेज आला: देखभालीच्या कामासाठी शनिवारी सकाळी आठ ते दुपारी चार वीज बंद. नाशिककरांना यात नवीन काही नाही. टाकी आदल्या रात्री भरून ठेवायची, मिक्सरची कामं उरकून घ्यायची आणि शनिवार काढायचा. आमच्या क्लबच्या मालकांचा लगेच फोन आला. "आठची बॅच कॅन्सल म्हणून ग्रुपवर टाकू का? ट्रेडमिल बंद, एसी बंद, म्युझिक बंद. लोक येऊन करणार काय?"

"सर, लोखंडाला वीज लागत नाही. मी आहे, उघडं ठेवते," मी म्हटलं.

इंदिरानगरमधल्या या क्लबमध्ये मी ट्रेनर आहे. शनिवारची आठची बॅच आठवड्यातली सगळ्यात भरलेली असते. अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांना शनिवारची सुट्टी, त्यामुळे एरवी पहाटे घाईघाईत येऊन जाणारी माणसं त्या दिवशी निवांत येतात. पोटात दोन केळी, हातात चहाचा थर्मास, गप्पा मारायला वेळ. अशा बॅचला कुलूप दाखवणं माझ्या जिवावर आलं असतं.

मला हे काम मनापासून आवडतं, आणि ते आवडण्याची कारणं अगदी रोजची आहेत. सकाळी साडेपाचला शटर वर करताना आतून येणारा रबरी मॅटचा वास. रात्रीच्या बॅचने कुठेही टाकून दिलेले डंबेल्स अडीचपासून तीसपर्यंत ओळीने रॅकवर लावणं. महिनाभर खांदा वर जात नाही म्हणणाऱ्या माणसाने एके दिवशी स्वतःच्याही नकळत वरच्या हुकला बॅग अडकवणं. त्याला ते कळत नाही, मला कळतं. मी तेव्हा काहीच बोलत नाही. सेट संपला की सांगते.

तर शनिवारी बरोबर आठला वीज गेली. गाणं ओळीच्या मधेच तुटलं, चारही ट्रेडमिल मंद होत थांबल्या आणि त्यावरची माणसं रेलिंग धरून एकमेकांकडे बघायला लागली. मी आधी खिडक्या उघडल्या. एसीमुळे त्या कायम बंद असतात, एकीची कडी तर हलेना. डिसेंबरची गार हवा एकदम आत आली. दुसऱ्या मजल्यावरून पांडवलेण्यांचा डोंगर इतका स्वच्छ दिसतो हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं. ट्रेडमिलवरचे दोघे मित्र तो बघून म्हणाले, "ताई, मग आम्ही लेण्यांवरच जाऊन येतो." आणि खरंच गेले. चांगलं केलं. पायऱ्या चढण्यासारखा व्यायाम माझ्याकडच्या कुठल्याही मशीनवर नाही.

बाकीच्यांना मी कामाला लावलं. ट्रेडमिलवाल्यांच्या दोन्ही हातांत डंबेल्स दिले आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. खांदे मागे, नजर समोर, पावलं छोटी. दोन फेऱ्यांत त्यांना ट्रेडमिलवरच्या वीस मिनिटांइतका घाम आला.

पण खरा फरक पडला तो आवाजात. म्युझिक असतं तेव्हा प्रत्येक जण आपापल्या गाण्यात असतो. काहींच्या कानात तर हॉलच्या गाण्यावर स्वतःचं दुसरं गाणं असतं. त्या दिवशी सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. बेंच प्रेसवरचा, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड ढकलणारा, इंजिनिअरिंगचा मुलगा पुटपुटल्यासारखा मोजत होता, "सहा… सात…" सातव्याला रॉड छातीपासून वर येता येता अडला. मी स्पॉटला, म्हणजे अडलाच तर रॉड धरायला, मागे उभीच होते. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी म्हणालं, "आठ!" आणि मग तिघे-चौघे एकदम, "आठ, आठ, चल, आठ!" पोराने आठवा काढला, रॉड रॅकवर ठेवला आणि कोण ओरडलं ते बघायला उठून बसला. ज्यांनी आवाज दिला त्यांतल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं. वर्षभर ते सगळे याच वेळेला येत होते.

त्यानंतर मोजणं हा सगळ्यांचाच उद्योग होऊन बसला.

आमच्याकडे एक काका-काकू जोडीने येतात. काका सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं, आता निवृत्त. लहानपणी पंचवटीत तालमीत जायचे. काकू मात्र गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आल्या, त्याही नाखुशीने. त्यांचं म्हणणं एकच होतं: देवापुढे पाटावर बसले की उठताना हाताला आधार लागतो, तो नको. या वयात वजनं उचलायची म्हणून घाबरल्या होत्या. मी त्यांना 1990 सालचा अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला होता. बॉस्टनच्या एका वृद्धांच्या केंद्रातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले, आणि ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. पण स्नायूला काम दिलं की तो नव्वदीतही ऐकतो. काकूंनी एवढंच विचारलं, "नव्वद? मग मी तर बरीच लहान आहे." तेव्हापासून त्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे सेट करतात, आता छातीशी पाच किलोचा डंबेल धरून.

त्या शनिवारी त्यांचा सेट चालू होता आणि काका शेजारी उभं राहून मोजत होते. पोरांनी काकांना छेडलं, "काका, तुम्ही तालमीत काय करायचात?" काकांनी स्वेटर काढून काकूंच्या हातात दिला आणि सपाट्या घालून दाखवल्या. खाली बसायचं, हात टेकून पाय मागे टाकायचे, एक जोर, पाय पुन्हा आत आणि उभं. कुठे झटका नाही, पावलांचा धप्पकन आवाजही नाही. याच व्यायामाच्या चुलत भावाला पोरं बर्पी म्हणतात आणि दहा झाल्या की आडवी पडतात. काकांचा श्वास शेवटपर्यंत एका लयीत होता, आणि शांतता असल्यामुळे तो सगळ्या हॉलला ऐकू आला. दम कसा राखायचा हे मी तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी पोरांना तेवढं समजलं नसतं.

रोइंग मशीनवर कांद्याच्या व्यापारातले आमचे एक मेंबर बसले होते. मूळचे चांदवड तालुक्यातले. त्या मशीनला वीज लागत नाही. आत पंखा असतो, तुम्ही जितक्या जोरात ओढाल तितका हवेचा विरोध वाढतो, आणि समोरचा छोटा स्क्रीन बॅटरीवर चालतो. त्यांचं त्या मशीनवर प्रेम आहे ते दत्तू भोकनळमुळे. दत्तू त्यांच्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गावात वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला, 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला आणि 2018 च्या एशियाडमध्ये चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक घेऊन आला. "आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि पोरगं बोट चालवतं," हे ते प्रत्येक नव्या मेंबरला सांगतात, आणि दरवेळी त्यांचा आवाज तितकाच भरून येतो. त्या दिवशी ऑलिम्पिकचं अंतर, दोन हजार मीटर, ते एका दमात ओढत गेले. शेवटचे दोनशे मीटर बॅचमधला जो मोकळा होता तो मशीनभोवती उभा होता.

नऊच्या सुमाराला स्वातीताई आल्या. नाव मी बदललंय. त्या एका रुग्णालयात नर्स आहेत, रात्रपाळी संपवून थेट येतात. पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना कंबर धरायची म्हणून त्या डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहणं, शिकायला आल्या होत्या. रात्रपाळीनंतर झोप विचारल्याशिवाय मी कोणालाच जड वजन लावू देत नाही. "काल वॉर्ड शांत होता ताई, दोन-अडीच तास डोळा लागला. उपमा खाऊन आलेय. आज साठ लावू या ना."

साठ किलोचं एक वेगळं महत्त्व आहे. रिकामा रॉड वीसचा, दोन्ही बाजूंना वीस-वीस. या वीसच्या प्लेट्स मोठ्या, पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या. त्या लागल्या की रॉड आपोआप नडगीच्या मध्याशी येतो. त्याआधीच्या लहान प्लेट्सना खाली मॅटच्या थप्प्या लावून उंची द्यावी लागते. त्यामुळे मोठ्या प्लेट्स लावून जमिनीवरून उचलणं हे प्रत्येकीला खुणावत असतं. स्वातीताईंच्या बाबतीत साठ हे त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतं. पंचावन्न त्या सहज उचलायच्या, साठला मात्र रॉड जमिनीला चिकटून राहायचा.

त्यांनी हलक्या वजनावर वॉर्मअप केला, मग साठ लावलं. वाकल्या, पकडलं आणि ओढलं. रॉड बोटभर उचलला आणि खाली. हॉलच्या पलीकडून काका म्हणाले, "पोरी, रॉड खडखडतोय."

मी वळून बघितलं. काका जवळ आले. "लेथवर टूल बरोबर चाललंय की नाही ते डोळ्याआधी कानाला कळतं. हा रॉड प्लेटच्या भोकात आधी आपटतोय, मग उचलला जातोय. मधे झटका बसतोय."

अगदी बरोबर होतं. रॉड आणि प्लेटचं भोक यांत थोडी ढील असते. एकदम हिसका दिला तर आधी ती ढील संपते, रॉड भोकाच्या वरच्या कडेला आदळतो आणि मग सगळं वजन अचानक अंगावर येतं. पाठ तिथेच सैल पडते. म्हणून आधी ढील काढायची, रॉड हळूच ताणून धरायचा आणि मगच जोर लावायचा. हे मी त्यांना शब्दांत बरेचदा सांगितलं होतं, हात लावून दाखवलं होतं. पण गाण्याच्या दणदणाटात तो आवाज त्यांना कधी ऐकूच आला नव्हता.

मी सगळ्यांना गप्प केलं. "ताई, आता उचलायचंच नाही. फक्त ताणा." त्या वाकल्या, काखा आवळल्या, पोटात श्वास भरून धरला आणि रॉड वर ताणला. टिक. दोन्ही टोकांना, जवळजवळ एकाच वेळी. छोटासा, स्वच्छ आवाज.

"ऐकलंत?"

त्यांनी मान हलवली. सोडलं, पुन्हा ताणलं. टिक. पुन्हा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "टिक झाली की जमीन पायांनी खाली ढकला." टिक झाली, एक क्षण काहीच हललं नाही, आणि मग साठ किलो नडगीला घासत, गुडघे ओलांडून वर आले. त्या ताठ उभ्या राहिल्या. मान लाल, डोळे विस्फारलेले. हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला तो ऐकून खालचा किराणावाला जिन्यापर्यंत आला. स्वातीताईंनी रॉड सावकाश खाली ठेवला, आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे गेल्या आणि सरळ त्यांच्या पाया पडल्या. काका एकदम गोंधळले. "अगं, उचललं तू आणि पाया माझ्या काय पडतेस!" काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

मग प्रत्येकाला आपापली टिक ऐकायची होती. बेंचवरचा मुलगा, डंबेल्स घेऊन चालणाऱ्या दोघीजणी, रोइंगवाले शेठ, सगळे आळीपाळीने रॉडपाशी आले. ज्यांनी डेडलिफ्ट कधीच केली नव्हती त्यांनीही रिकाम्या रॉडला हलक्या प्लेट्स लावून ताणून बघितलं. शिकवण्यातला एवढा सोपा तास मला आजवर मिळाला नव्हता. चुकलेला सेट ओळखायला मी लागत नव्हते, बाजूला उभा असलेला माणूसच सांगत होता, "खडखडला."

दुसऱ्या दिवशी मी सरांशी बोलले. शनिवारच्या बॅचचा पहिला अर्धा तास म्युझिक बंद ठेवू या, असं माझं म्हणणं होतं. ते आधी नको म्हणाले, नवीन मेंबर बघायला आले की शांत हॉल त्यांना ओस वाटतो. ही भीती मला पटते, व्यवसाय त्यांना चालवायचा आहे. शेवटी पंधरा मिनिटांवर ठरलं. तरुण पोरांपैकी दोघे-तिघे अजून कुरकुरतात आणि पंधरा मिनिटं संपायच्या आत स्पीकरपाशी जाऊन उभे राहतात. पण ती पंधरा मिनिटं सगळे एकमेकांचे सेट मोजतात, आणि एकमेकांना आता नावाने हाक मारतात. संध्याकाळच्या बॅचलाही मी डेडलिफ्ट शिकवताना स्पीकरचा आवाज कमी करते आणि आधी फक्त ताणायला लावते. पाठीच्या भीतीने रॉडला हात न लावणाऱ्या बायका यातून लवकर तयार होतात, कारण किती जोर लावायचा यापेक्षा केव्हा लावायचा हे त्यांना कानाने कळतं.

काकू आता पाटावरून एका हाताच्या आधाराने उठतात. दुसरा हात सुटला, हा सुटायला अजून थोडा वेळ आहे. स्वातीताईंची ड्यूटी या महिन्यात दिवसाची आहे, त्यामुळे त्यांची शनिवारची बॅच चुकते आणि त्या संध्याकाळी येतात. पुढच्या रात्रपाळीनंतरच्या शनिवारी पासष्ट लावायचं ठरलंय, वीसच्या जोडीला अडीच-अडीचच्या प्लेट्स. काकांना त्यांनी त्या दिवशी यायचं आत्तापासून सांगून ठेवलंय.