प्रियसचा कन्व्हर्टर

मागच्या मंगळवारी पहाटे सहाला गाडी सुरू केली. डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटलं, नेहमीसारखी शांतता. मी पट्टा लावतेय तोवर इंजिन सुरू झालं आणि अंगणात ट्रॅक्टर आल्यासारखा आवाज. समोरच्या घरातला दिवा लागला. गाडी बंद करून खाली वाकले, मोबाइलचा उजेड टाकला. सायलेन्सरची नळी दोन्हीकडून करवतीने कापलेली, मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा, गायब. सेन्सरची वायर नुसती लोंबत होती.

आमची प्रियस, म्हणजे टोयोटाची पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड, 2007 सालची. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो तेव्हा घेतलेली, माझा मुलगा हिच्यावरच गाडी शिकला. या पिढीच्या, म्हणजे 2004 ते 2009 च्या प्रियसवर चोरांचा फार डोळा. कन्व्हर्टरच्या आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो, आणि या गाडीत तो बराच असतो. याच थरावर धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन होतं. मात्र कन्व्हर्टर तापल्याशिवाय हे होत नाही. म्हणून तर थंड प्रियसचं इंजिन काही सेकंदांत आपणहून सुरू होतं, बॅटरी भरलेली असली तरी. इतकी वर्षं मला वाटायचं, बॅटरी म्हातारी झाली म्हणून असं होतंय.

विम्याला फोन केला. चार वर्षांपूर्वी “जुन्या गाडीला कशाला” म्हणून आम्ही विम्यातलं ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ कलम काढून टाकलं होतं. चोरीची भरपाई त्यातच मिळते. ज्यांच्याकडे जुनी हायब्रिड आहे त्यांनी आजच आपली पॉलिसी काढून बघा, कळकळीने सांगतेय.

डीलरने नव्या कन्व्हर्टरचे 2,600 डॉलर सांगितले. इंटरनेटवर साडेतीनशेचाही दिसला, पण तो कॅलिफोर्नियात बसवता येत नाही. इथे एकतर कंपनीचा अस्सल, नाहीतर राज्याच्या एअर बोर्डाने मंजूर केलेला. त्याच्या अंगावर ईओ नंबर, म्हणजे या मंजुरीचा क्रमांक, कोरलेला असतो आणि तो नंबर तुमच्याच गाडीच्या मॉडेलला, सालाला आणि इंजिनाला लागू असावा लागतो. नवरा म्हणाला, “अगं, गाडीचीच किंमत तेवढी नाही. भंगारात देऊ.” मी ऐकलं नाही. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बदललीय, इंजिन तेल पीत नाही. आणि स्वस्तातला बसवून दुसऱ्याच्या लेकरांच्या नाकात धूर सोडायचा, हे मला पटणारं नाही. माझ्या मुलाला लहानपणी दमा होता.

ओळखीच्या मेकॅनिकने मंजुरीचा कन्व्हर्टर मागवला, सेन्सरसकट 1,450 डॉलर. बसवण्याआधी त्याने मला बोलावून ईओ नंबर दाखवला, बॉनेटखालच्या स्टिकरशी ताडून पाहिला. मग कन्व्हर्टरवर गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, कोरला आणि खालून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. त्या पत्र्याचे आणखी 240. पत्रा कापायला चोराला वेळ लागतो, आणि वेळच त्याच्याकडे नसतो.

लगेच स्मॉग टेस्टला, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीला, जाता येत नाही. बिघाडाचे कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकाला नवा कन्व्हर्टर तपासून ‘पूर्ण’ म्हणावं लागतं, त्यासाठी वेगवेगळ्या वेगाने गाडी फिरवायची. मी तीन संध्याकाळी 680 हायवेवरून सान होजेपर्यंत जाऊन आले. काल रात्री मेकॅनिकने स्कॅनर लावला, कन्व्हर्टरची तपासणी ‘पूर्ण’ दिसली. स्मॉग टेस्टसाठी शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय.