आमची वाटचाल : खतमातीच्या दुकानातली हाताच्या मलमाची डबी

आमचा मूळ धंदा कुंड्या, कोकोपीट, शेणखत आणि निंबोळी पेंडीचा. हिंगणा रोडवर छोटंसं दुकान, मी आणि यजमान दोघंच. गिऱ्हाईक म्हणजे गच्चीवर बाग करणारी हौशी मंडळी, त्यात रिटायर झालेले काका आणि शाळेतल्या मॅडम जास्त. नागपुरात बागेचा खरा हंगाम दिवाळीनंतर. शेवंती, पिटुनिया, डालिया सगळं त्याच दिवसांत, आणि हात उलण्याचे दिवसही तेच. पैसे द्यायला हात पुढे आला की दिसायचं : अंगठ्याच्या कडेला चीर, तिच्यात काळी माती जाऊन बसलेली, घासूनही न निघणारी. "काय सांगू बाप्पा, भाजीत मीठ टाकलं की जीव जाते," हे काउंटरवर रोजचं ऐकायला मिळायचं.

सासूबाई ब्रह्मपुरीकडच्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल टाचांना लावायची जुनी रीत आहे. त्यांच्याकडून आलेली बाटली आम्ही दुकानात ठेवली आणि मागेल त्याला थोडं थोडं द्यायला लागलो. फरक पडायचा, पण तेलकट हातानं खुरपी धरवत नाही आणि पुन्हा मातीत हात घातला की तेल मातीतच जातं. आपली काळी माती चिकणमातीच, ती तेल शोषून घेते. वरून बाग झाली की लोक भांड्यांच्या साबणानं हात खसाखसा धुतात, म्हणजे कातडीवरचा उरलासुरला तेलकटपणाही गेला. हातावर टिकेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून तेलात मधमाश्यांचं मेण आलं, मग कोकणातून कोकमचं तेल आलं, जे वडीसारखं घट्ट असतं, आणि मलमाची डबी तयार झाली.

मेण कातडीला ओलावा देत नाही, असलेला ओलावा धरून ठेवतं. त्यामुळे डबी देताना आम्ही अजूनही बजावतो : हात कोमट पाण्यानं धुवा, टिपून घ्या, दमट असतानाच लावा. कोरड्या हातावर थापून उपयोग कमी. रात्री लावून वर सुती मोजे चढवले तर सकाळी हात नुसता बघून कळतो. मातीत हात घालायच्या आधीही बोटभर मलम पातळ लावावं, आणि नखं साबणाच्या वडीवर ओरबाडून घ्यावीत, म्हणजे नखांत साबण बसतो, माती बसत नाही.

खरी झुंज झाली ती नागपूरच्या हवेशी. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ वर उतरला होता. एकाच डबीनं हे दोन्ही सोसायचं! टोळीचं तेल थंडीत थिजतं, उन्हाळ्यात पाणी होतं. कोकम चाळीसच्या आसपास वितळतं, मेण ६२ ते ६४ अंशांना. बंद गाडीतून गेलेलं पार्सल मे महिन्यात उघडलं की झाकणाखालून तेल ओघळलेलं असायचं, आणि त्याच प्रमाणातली डबी जानेवारीत नखानं खरवडावी लागायची. शेवटी दोन डब्या केल्या, उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळीत मेण आणि कोकम जास्त, हिवाळीत तिळाचं आणि टोळीचं तेल जास्त. परीक्षा साधी : वितळलेला थेंब स्टीलच्या ताटलीवर पाडायचा, फ्रीजमध्ये दोन मिनिटं ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबून बघायचा. तुकडा पडला तर तेल वाढवा, बोटाला चिकटून ओढला गेला तर मेण वाढवा. यजमानांचा अंगठा यात माझ्यापेक्षा तयार आहे, हे मी कबूल करते.

जवसाचं तेल घाला म्हणणारे पुष्कळ भेटले. विदर्भाचं पीक, घरोघरी चटणी. पण ते लवकर खवट होतं आणि पातळ थर हवेत सुकून चिकट होतो, रंगवाले त्याचसाठी तर वापरतात. दुसरी मागणी संत्र्याच्या वासाची. नागपूरचा माल आणि संत्रं नाही म्हणजे काय, असं व्यापारी आजही ऐकवतात. उललेल्या हाताला सुगंध कशाला? वास नाही तो नाहीच.

सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली लायसन्स लागतं. स्वतःचं युनिट उभारणं आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत आपला माल बनवायच्या परवान्यावर, माल बनतो. लेबलवर "भेगा बऱ्या होतात" असं आम्ही लिहीत नाही. तसं लिहिलं की तो औषधाचा दावा होतो, आणि तसाही आमचा दावा तेवढा नाही.

काही हात आमच्या डबीचे नसतातच. गाजर गवत उघड्या हातानं उपटणाऱ्यांना लाल, खाजरी, जाड होत जाणारी कातडी मिळते. शेवंती त्याच कुळातली, तिच्या पानांनीही काहींना तसंच होतं. तिथे मेण चोपडून काय होणार? त्यांना आम्ही मेडिकल नाहीतर मेयो या नागपुरातल्या सरकारी हॉस्पिटलांच्या स्किन ओपीडीत पाठवतो. शुगर असलेल्याची चीर चिघळली असेल तर लगेच. नुसती घट्टे पडून दगड झालेली कातडी असेल तर केमिस्टकडचं दहा टक्के युरियाचं क्रीम चांगलं, फक्त उघड्या चिरेवर ते झोंबतं. एका काकांनी "आपल्याच पोत्यातला युरिया चालेल का?" असं गंभीरपणे विचारलं होतं. नाही चालणार.

आता दुकानात हातमोजेही ठेवतो, आतून सुती आणि वरून रबरी. डबीपेक्षा ते जास्त खपतात, आणि मोजे नेणारा पुढच्या वेळी डबी कमी नेतो. यजमानांना हा तोट्याचा सौदा वाटतो. मला वाटत नाही, आमचा वाद सुरू आहे.

उन्हाळी डबी होळीनंतर निघते, हिवाळी दसऱ्याला. टोळ वेचली जाते पावसाच्या तोंडावर, त्यामुळे पुढच्या हिवाळ्याचं तेल गडचिरोलीहून साधारण श्रावणात पोचतं. ज्या वर्षी मोह कमी धरतो, त्या वर्षी हिवाळी डबीही कमीच बनते.