मेसिनाच्या सामुद्रधुनीआधी अडकलेलं शीड

सकाळी सव्वादहाला नांगर उचलायला घेतला तेव्हा सिसिलीच्या जार्दिनी-नाक्सोसच्या आखातात वारा अगदीच नावापुरता होता. वर ताओर्मिना, मागे एटनाच्या माथ्यावर धुराची रेघ, जून महिना. इसवी सनापूर्वी 734 मध्ये ग्रीकांनी सिसिलीतली आपली पहिली वसाहत इथेच वसवली. प्रवासी त्याचेच फोटो काढत होते. डेकवर मात्र आमचं लक्ष साखळीकडे. खोली 25 मीटर, साखळी पाच शॅकल, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरचा. म्हणजे जवळजवळ 140 मीटर लोखंड धुऊन आत घ्यायचं. नळीने नीट धुतलं नाही तर तळाचा चिखल साखळीच्या खोलीत कुजतो आणि त्याचा वास दोन बंदरं सोबत करतो.

मी या जहाजावर बोसन आहे, आपल्याकडचे जुने लोक ज्याला सारंग म्हणत तो. जहाज म्हणजे चार डोलकाठ्यांची बार्केन्टाइन. पुढच्या डोलकाठीवर पाच चौकोनी शिडं, बाकीच्या तीन काठ्यांवर आणि नाळेपुढच्या दांड्यावर त्रिकोणी. एकूण सोळा. चौकोनी शिडं वर चढून दुमडायची नसतात. प्रत्येक शीड त्याच्या आडव्या काठीच्या, म्हणजे यार्डच्या, पोटातल्या रुळावर मोटरने गुंडाळलं जातं. दुकानाच्या शटरसारखं. उघडायचं असेल तर रूळ सैल सोडून शिडाचे खालचे दोन कोपरे दोन दोरांनी खाली ओढायचे. त्या दोरांना शीट म्हणतात. नवीन पोरं हमखास शिडालाच शीट समजतात. दोर आहे तो. बंद करताना उलटं: रूळ गुंडाळतो आणि दोन्ही शीट एकाच वेगाने सोडायचे. ‘एकाच वेगाने’ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्या दिवशी घोळ झाला तो नेमका तिथेच.

बेत साधा होता. नाक्सोसपासून सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडापर्यंत सुमारे 32 सागरी मैल, तिथून स्ट्रॉम्बोली आणखी 37. अंधार पडल्यावर ज्वालामुखीसमोर पोचायचं. पण मधली मेसिना आपल्या सोयीने ओलांडता येत नाही. उत्तरेचा तिऱ्हेनियन समुद्र आणि दक्षिणेचा आयोनियन यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जवळजवळ उलट्या. इकडे भरती तेव्हा तिकडे ओहोटी. पाण्याची चढउतार वीतभरच, पण दोन समुद्रांना जोडणारी वाट तीनेक किलोमीटर रुंद आणि सर्वांत उथळ जागी तळ ऐंशी मीटरच्या आसपास. एवढ्या फटीतून सगळं पाणी जायचं म्हटल्यावर प्रवाह चार-पाच नॉट्सवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो आणि साधारण दर सहा तासांनी फिरतो. उत्तरेला जाणारा तो ‘मोन्तान्ते’, दक्षिणेला जाणारा तो ‘शेन्देन्ते’. आम्ही शिडांवर सहा नॉट्सने चाललो आणि शेन्देन्ते समोरून आला तर किनाऱ्यावरचा माणूस चालत आम्हाला मागे टाकेल. वर वारा दक्षिणेचा आणि पाणी उत्तरेकडून असं झालं की लाटा आखूड आणि उभ्या होतात, जेवणघरातली काच फुटते. म्हणून तक्ता बघून वेळ ठरवली: दुपारी साडेतीनच्या सुमारास मोन्तान्ते धरायचा.

अकरापासून दक्षिणेचा वारा धरला. दुपारी एकपर्यंत अठरा नॉट्स. पाठीवरचा वारा आणि चौकोनी शिडं, याहून चांगली जोडी नाही. जहाज जरा डुलतं, पण चालतं. शिडं उभारताना प्रवाशांना दोर ओढायला देतो. त्यांची हौस फिटते आणि आमचे हात थोडे वाचतात. मी सवयीने ओढताना ‘हबेस’ ओरडतो, सोडताना ‘आरिया’. मुंबईच्या गोदीतल्या खलाशांची ही बोली. आरिया पोर्तुगीज, ‘खाली सोड’ या अर्थाचा. आमच्या डेकवर फिलिपिनो पोरांनाही तो पाठ झालाय.

पावणेतीनला उजवीकडे इटलीच्या मुख्य भूमीवरचं रेज्जो दिसायला लागलं. मेसिना बंदर चार मैल पुढे. तिथून पुढे जहाजांच्या वाहतुकीचे ठरलेले पट्टे सुरू होतात आणि त्यांना आडव्या मेसिना ते व्हिला सान जिओव्हान्नीच्या फेरीबोटी, ज्यांच्या पोटात आख्खी रेल्वेगाडी जाते. शिडाच्या जहाजाला एरवी वाट मिळते, पण पट्ट्यात उलटं: तिथून जाणाऱ्या इंजिनाच्या जहाजाला शिडाच्या जहाजाने अडथळा करायचा नाही. म्हणून कप्तान तिथे नेहमी इंजिन चालू ठेवतो. शिडं वर आणि इंजिनही चालू असेल तर पुढे काळा शंकू टोक खाली करून टांगावा लागतो. तो टांगला की नियमाच्या लेखी तुम्ही शिडाचं जहाज उरत नाही. त्याआधी वरची तीन चौकोनी शिडं गुंडाळायची, कारण दोन्ही काठांवरच्या डोंगरांतल्या घळींमधून वारा अचानक कोसळतो आणि तेव्हा वर शिडाचं ओझं नको.

सगळ्यात वरची दोन सुरळीत गेली. तिसरी अप्पर टॉपसेल. मोटरच्या कंट्रोलवर एक, डाव्या शीटवर एक, उजव्यावर मालवणचा पोरगा, आणि मी वर बघत उभा. वर बघायला एक माणूस मोकळा लागतोच. बाकीच्यांची नजर हातातल्या कामावर असते आणि शीड तर तीस मीटर वर. अर्धं गुंडाळल्यावर डावा कोपरा वर चढत राहिला, उजवा जागचा हलेना. मी मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब. मोटर थांबली, पण दोन सेकंद उशिरा. तेवढ्यात सगळं कापड रुळाच्या डाव्या टोकाला गोळा होऊन यार्डच्या फटीत घट्ट बसलं होतं.

“काका, दोर सुटना नाय!” पोरगा ओरडला.

विंचवर, म्हणजे दोर आवळायच्या फिरत्या ढोलावर, बघितलं तर दोराचे वेढे एकावर एक चढलेले. वरचा वेढा खालच्याला दाबून धरत होता आणि टोक कितीही सैल सोडलं तरी ढोल दोर सोडत नव्हता. हा दोष सोडताना दिसतो, पण झालेला असतो आवळताना. दोर विंचच्या ढोलावर किंचित खालून यायला हवा. मग प्रत्येक नवा वेढा खाली बसतो आणि आधीचे वर सरकतात. दोर वरून आला की नवा वेढा जुन्याच्या डोक्यावर बसतो. इथे तो वरून येत होता, कारण दोराला दिशा देणारी कप्पी डेकवरच्या कडीतून काढून कठड्याच्या वरच्या कडीत अडकवलेली होती. अडकवली होती मीच. सकाळी उतरण्याच्या होड्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या पायात दोर येत होता. परत खाली घ्यायची राहिली, आणि शिडं उभारण्याआधीच्या फेरीत मी दोर बघितले, त्यांचे कोन नाही.

अशा वेळी सुरी आठवते. ताणलेला दोर कापायचा नाही, कधीच नाही. अठरा नॉट्सचा वारा अर्ध्या शिडात भरलेला असताना सुटलेलं टोक माणसाचा हात मोडू शकतं. करायचं असं: दुसरा एक दोर घ्यायचा, अडकलेल्या शीटला विंचच्या अलीकडे, ताणाच्या बाजूला, रोलिंग हिच नावाच्या गाठीने बांधायचा. ज्या बाजूला ओढ बसणार त्या बाजूला दोन-तीन वेढे, मग त्यांच्यामागे अर्धी गाठ. वेढे कमी पडले तर गाठ सरकते आणि पॉलिएस्टरच्या गुळगुळीत दोरावर तर फारच. आम्ही तीन घेतले. हा मदतीचा दोर शेजारच्या विंचवर नेऊन आवळला, हळूहळू सगळी ओढ त्याने घेतली, मूळ विंचवरचा दोर लोळागोळा झाला. मग वेढे हातांनी उलगडले. या सगळ्यात दोराच्या कोनात, म्हणजे तो सुटला तर जिथून उसळेल तिथे, कुणीही उभं राहायचं नाही. प्रवाशांना आधीच मागच्या डेकवर पाठवलं होतं. एकाने व्हिडिओ घेण्यासाठी परत यायचा प्रयत्न केला. त्याला जरा मोठ्या आवाजात सांगावं लागलं.

शीट सुटली, पण वरचा बोळा तसाच. तो उलगडायला शिडातला वारा काढणं भाग होतं. कप्तानाने मेसिनाच्या वाहतूक नियंत्रणाला व्हीएचएफ रेडिओवर कळवलं की अर्ध्या तासाने येतो, आणि जहाज उजवीकडे वळवलं. इथे अजून अकराएक किलोमीटर रुंदी आहे, म्हणून जमलं. पुढे पट्ट्यात असतो तर ही मुभा नव्हती. वारा यार्डच्या टोकाकडून यायला लागला तसं शीड रिकामं झालं आणि फडफडायला लागलं. ओलं गोणपाट दगडावर आपटावं तसा आवाज. ही फडफड वाऱ्याच्या ओढीपेक्षा वाईट, कापड तिनेच फाटतं. त्यामुळे वर जाणाऱ्या दोघांकडे वेळ कमी.

वर चढायचं ते वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे वारा तुम्हाला शिडीवर दाबतो. कमरेच्या पट्ट्याला दोन दोऱ्या, एक काढायची तर दुसरी आधी अडकवलेली हवी. मी आणि फिलिपिन्समधल्या पालावानचा एक खलाशी गेलो. यार्डखालच्या पायदोरावर उभं राहून पोटाने काठीवर रेलायचं, हात मोकळे. खालून मोटर इंचाइंचाने उलटी सोडायला सांगितली, बोळा फटीतून निघेपर्यंत कापड हाताने उजवीकडे ढकलत राहिलो. मग दोन्ही शीट बेताने ताणून पुन्हा गुंडाळलं. एकूण 35 मिनिटं. डाव्या कडेला हातभर फाटलं होतं, शिवणीला लागून.

कप्पी खाली घेतली. मग पुढे.

उशीर झाला तरी मोन्तान्ते अजून जोरात होता. इंजिनाच्या सात नॉट्सवर जमिनीच्या हिशोबाने अकरा दिसत होते. डावीकडे मेसिनाचं बंदर, कोयत्यासारखा वळलेला भूभाग. ग्रीक याला झांक्ले म्हणत, कोयताच. 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपात हे शहर जवळजवळ पूर्ण गेलं, म्हणून समुद्रावरून जुनं असं फार दिसत नाही. तोर्रे फारोपाशी विजेचे ते दोन मोठे मनोरे, एक या काठाला, एक त्या. तारा केव्हाच काढल्यात, मनोरे आहेत. खाली पाण्यात तेल सांडल्यासारखे गुळगुळीत पट्टे आणि मध्ये गरगरणारी वर्तुळं. होमरच्या काव्यातली जहाजं गिळणारी कॅरिब्डिस इथलीच म्हणतात. जहाज गिळेल असं त्यात काही नाही, पण सुकाणूवरच्या माणसाला नाळ पाच-सात अंश ढकलली गेलेली जाणवते, आणि तो ती परत आणेपर्यंत पुढचं वर्तुळ येतं. इथे सुकाणू ऑटोपायलटवर ठेवत नाहीत.

उत्तर तोंडाशी तलवारमाशाची एक होडी भेटली. होडी लहान, पण वर जाळीदार मनोरा आणि पुढे होडीपेक्षा लांब चिंचोळा पूल. मनोऱ्यावरून मासा हेरतात, पुलाच्या टोकावरून भाला मारतात. मासा पृष्ठभागावर झोपाळलेला असतो, त्याला इंजिनाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही लांबून वळसा घेतला. नियमात नसेल, पण तिथे तसंच करतात.

पावणेदहाला स्ट्रॉम्बोली. 924 मीटरचा काळा सुळका. वायव्येच्या उतारासमोर, 2019 च्या उद्रेकांनंतर कडक झालेलं अंतर राखून, कप्तानाने वेग काढला आणि डेकवरचे दिवे घालवले, फक्त नेव्हिगेशनचे ठेवले. दहा-वीस मिनिटांनी एकदा वर लाल फवारा, मग दगड घरंगळल्याचा आवाज उशिरा येतो. प्रवाशांचा ‘आऽऽ’ ऐकू येत होता. मी खाली दोरखोलीत मेण लावलेला दोरा, तळहाताला बांधायचं चामडं आणि सुया काढून ठेवत होतो.

सकाळी सहाला लिपारीच्या किल्ल्याखाली वारा पडलेला असताना शीड उघडलं. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, त्यावर पॉलिएस्टरच्या कापडाचं ठिगळ, कडा गरम सुरीने कापलेल्या म्हणजे उसवत नाहीत, आणि नागमोडी टाके. दोघांना पावणेदोन तास. तोवर मालवणच्या पोराने डेकवरची ती कडी खरवडून पिवळी रंगवली. कठड्यावरच्या कडीला त्याने विचारून लाल रंग दिला. रंग वाळायच्या आत पहिली होडी प्रवासी घेऊन सुटायची होती, म्हणून तिथे दोरीने वाट अडवून ठेवली.