घरपोच मिळतं की!

मंगळवार, रात्र

झोप येत नाहीये. आणि कारण इतकं किरकोळ आहे की नंदाला फोन करून सांगायचीसुद्धा लाज वाटतेय. ती म्हणेल, "एवढंच ना? अगं, चांगल्या मनानेच बोलला असेल तो." बरोबर आहे. चांगल्या मनानेच बोलला. म्हणून तर मला त्याच्यावर धड चिडता येत नाहीये.

झालं असं की सुपरमार्केटच्या दाराशेजारची, अपंगांच्या गाड्यांसाठी राखलेली आपली ती निळी जागा गेली. रंग आहे अजून, चाकाच्या खुर्चीचं चित्रही अर्धंमुर्धं दिसतं. पण त्यावर आता घरपोच सामान नेणाऱ्या मुलांच्या गाड्या लावलेल्या असतात. मागे त्या मोठ्या चौकोनी पिशव्या, भिंतीला टेकून क्रेटची चळत, आणि जुन्या पाटीच्याच खिळ्यांवर नवी पाटी: 'फक्त होम डिलिव्हरी वाहनांसाठी'. मी साइडव्हीलची स्कूटर घेऊन त्या पाटीसमोर उभी, मागून एक मोटारवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. सिक्युरिटीवाला धावत आला. नवीन आहे, पोरगाच आहे. बोलण्यावरून लातूर-नांदेडकडचा वाटला. म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? मोबाइलवरून मागवा ना. घरपोच मिळतं की!"

आवाजात तुसडेपणा औषधालाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. तुसड्या माणसांना काय सुनवायचं ते मला पाठ आहे, शाळेपासून तालीम आहे. या पोराला काय सुनावणार? त्याला खरोखरच वाटत होतं की तो मला काहीतरी सोयीचं सांगतोय. आणि मी काय केलं, तर हसले. "हो रे बाबा, खरंय," असंही म्हणाले. ते 'खरंय' आता रात्रभर घशात अडकून बसणार.

म्हटलं, ठीक आहे, दुचाक्यांच्या रांगेत लावू. पण तिथे माझ्या गाडीला दोन गाड्यांची जागा लागते. लावताना लोक भुवया उंचावतात, आणि मी आत गेले की उरलेल्या फटीत कुणीतरी आपली मोपेड घुसवतंच. बाकीच्यांची गाडी पार्किंगवाला मागून उचलून इकडेतिकडे सरकवतो. माझी तशी सरकत नाही; बाजूची दोन चाकं, हॅन्डब्रेक ओढलेला. आणि मला उतरायचं म्हणजे नुसता पाय टाकला असं नसतं. आधी कुबडी टेकवायची, तिचं रबर नीट बसलंय का बघायचं, मग डावा पाय हाताने धरून सरळ करायचा, कॅलिपरचं, म्हणजे पायाला बांधलेल्या आधाराचं, गुडघ्याचं कुलूप खट्‌ करून खाली पाडायचं, आणि मग सगळा भार दंडावर घेऊन उभं राहायचं. याला डाव्या अंगाला हात-दीड हात मोकळी जमीन लागते. लोकांना वाटतं, दाराजवळची जागा म्हणजे लाड आहेत. दारापासून चार पावलं जास्त चालीन मी. मला रुंदी लागते. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा जागेची रुंदी ३.६ मीटर सांगितलीय, दारापासून ३० मीटरच्या आत. ज्याने लिहिलं असेल त्याने कधीतरी कुणाला मोटारीतून चाकाच्या खुर्चीवर सरकताना जवळून बघितलं असणार.

शेवटी बाहेर रस्त्यावर, पानवाल्याच्या शेजारी लावली. पाऊस पडून गेलेला. त्यांच्या दारातल्या चकचकीत फरशीवर कुबडी म्हणजे नशिबाचा खेळ असतो, ते जाऊ दे.

आत गेले तरी डोक्यात तेच. त्रास घेता. कोण त्रास घेतंय? मला हा तासभर आवडतो. मेथीची जुडी उलटी करून देठ बघायचे, नारळ कानाशी धरून हलवायचा, आत पाणी किती वाजतंय ते ऐकायचं. 'एकावर एक फ्री'वाल्या बिस्किटांची तारीख चष्मा वर करून वाचायची. आठवड्यात संपणार असते, हे मला माहीत असतं, तरी वाचायची. ॲपवरून एकदा नारळ मागवला होता, खडखडीत कोरडा निघाला. त्यांनी पैसे परत केले, लगेच, काही न विचारता. पण नारळ हलवणं परत दिलं नाही. हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

येताना मॅनेजरला गाठलं. तोही सौजन्याची मूर्ती. खुर्ची मागवली, पाणी मागवलं. म्हणाला, "मॅडम, आम्ही बघत होतो ना, ती जागा तशी रिकामीच असायची."

आता याला काय म्हणावं! आपल्या एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते. लहानपणापासून बघतेय, खिडकीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं. मी जन्मात एकाही आमदाराला एसटीने जाताना पाहिलं नाही, पण ती जागा रिकामी असते म्हणून ती अक्षरं कुणी खरवडल्याचं ऐकलंय का? आमदार कधीही येतील, अशी एसटीला आशा आहे. माझ्याबद्दल मात्र या लोकांनी आशा सोडली. आणि रिकामी म्हणजे किती रिकामी? त्यांच्या रॅम्पच्या तोंडाशी ट्रॉल्या बाहेर जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांब ठोकलेत, खुर्ची त्यातून जातच नाही. देशपांडेकाका म्हणूनच यायचे थांबले. नंतर ते आजारी पडले वगैरे ते वेगळं. यायचा रस्ता बंद करायचा, मग मोजायचं किती आले, आणि मग म्हणायचं, बघा, कुणी येतच नाही.

हे त्याला बोलले का? नाही. पाणी प्यायले.

परत येऊन स्कूटरवर बसले आणि एकदम भरून आलं. हेल्मेटची काच खाली ओढली. पावसात काचेमागे काय चाललंय कुणाला कळत नाही, एवढी एक सोय. किती दिवस आपण हे असंच सगळीकडे समजावत राहायचं, की बाबांनो, मला यायचंय. मला बोलवा असंही नाही म्हणत, मी येतेय तर येऊ द्या. आईसुद्धा हेच म्हणायची, "तू नको येऊस गं, दगदग होते." किती प्रेमाने म्हणायची. दादाच्या साखरपुड्याच्या वेळी तर… नको ते आत्ता.

खरं म्हणजे या पोराचं वाक्य नवीन नाहीच. गेल्या लोकसभेला मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम १२-डी फॉर्म घेऊन दारात आल्या होत्या. ४० टक्के अपंगत्व किंवा ८५च्या वर वय असेल तर घरबसल्या मतदान. अधिकारी घरी येतात, पाकिटं वगैरे सगळं नीट. कितीतरी लोकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, देशपांडेकाकांनी तसंच केलं. मी नको म्हटलं तर बाईंचा चेहरा पडला. "अहो, आम्ही येतो की घरी, तुम्ही कशाला उन्हात?" १३ मेला मी कोथरूडच्या त्या शाळेत गेले. रांगेत सगळ्यांनी "पुढे व्हा, पुढे व्हा" केलं, नंदाबरोबर शाईचं बोट दाखवत फोटो काढला आणि कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. तो फोटो बघून कुणीतरी लिहिलं होतं, 'प्रेरणादायी!' रस पिण्यात कसली प्रेरणा, देव जाणे.

म्हणजे सगळेच मला घरी आणून द्यायला तयार आहेत. किराणा, मतपेटी, औषधं. आता कुणीतरी संक्रांतीचं हळदीकुंकूही आणून देईल. मी फक्त दार उघडायचं आणि ओटीपी सांगायचा.

आणि गंमत म्हणजे मी मागवतेच! तेलाचा डबा, दहा किलो तांदूळ, कपड्यांचा साबण, हे दर महिन्याला ॲपवरूनच येतं. कोण उचलणार ते? त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मग आज एवढं का लागलं? बराच वेळ विचार केला. मागवायचं की जायचं, हे मी ठरवत होते तोवर ठीक होतं. आज ते दुसऱ्या कुणीतरी, माझ्या भल्यासाठी, पार्किंगचा नकाशा काढताना ठरवून टाकलं. मला घरी सामान पोचवणाऱ्या गाड्या माझ्याच जागेवर उभ्या केल्या. याहून चोख हिशेब वाण्यालाही जमणार नाही.

मी काच खाली करून बसलेली असताना त्यातलाच एक मुलगा जवळ आला. मला वाटलं, आता हा आणखी काय सल्ला देतोय. म्हणाला, "काकू, बी विंग, दुसरा मजला ना? समोर कुत्रा आहे." म्हटलं हो. "त्या कुत्र्याला बांधायला सांगा हो, दर वेळी अंगावर येतो." मला इतकं हसू आलं! तिकडे मी माझ्या आयुष्याचा पंचनामा करत बसले होते आणि इकडे याच्या दृष्टीने मी म्हणजे कुत्र्यासमोरचं घर. मग सांगत होता की त्यांनाही ती जागा आवडीची नाही. पत्रा नाही, पावसात क्रेटवर बसून ऑर्डरची वाट बघायची, आणि गाडी तिथून हलवली तर सुपरवायझर ओरडतो. "तुम्ही आलात की मला हाक मारा, मी दोन गाड्या काढून देतो." नाव सांगितलं. चांगला मुलगा आहे. पण प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारून आत जायचं, हे मला नकोच आहे. आणि हे त्याला सांगणं म्हणजे पुन्हा तेच, चांगल्या माणसाचं मन मोडायचं. दिवसात दोन-दोनदा कोण करणार!

संध्याकाळी सुमीत आला. ऐकलं आणि मोबाइलवर कायदाच काढून बसला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. सार्वजनिक इमारत म्हणजे नुसती सरकारी कचेरी नाही, लोक येतात-जातात ती खाजगी दुकानंही त्यात येतात. कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा कायदा मोडला तर १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख. "आत्या, टाकूया केस!" डोळे लकाकत होते. मी त्याला राजीव रतुरींची गोष्ट सांगितली. ते स्वतः दृष्टिहीन. सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, सरकारला मुदती घालून दिल्या. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ला न्यायालयावर सरकारला पुन्हा सांगायची वेळ आली की या कायद्याखालचा तुमचा नियम १५(१) मूळ कायद्यातच बसत नाही, त्याने सगळ्या सूचना नुसत्या शिफारशी होऊन बसतात. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. एकोणीस वर्षं! याचिका दाखल झाली तेव्हा सुमीत बालवाडीतही नव्हता. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "निदान मेल तरी टाक."

टाकला. चार ओळींचा. कलमं घातली नाहीत, फक्त रुंदीचं आणि त्या खांबांचं लिहिलं.

बुधवार, दुपार

उत्तर आलंसुद्धा. 'आपल्या भावनांची आम्ही कदर करतो.' पुढे, आमच्या दिव्यांग ग्राहकांना कुठलीही गैरसोय होऊ नये म्हणून यापुढे तुमच्या सर्व ऑर्डरींवर डिलिव्हरी चार्ज माफ करण्यात येत आहे.

नंदाला वाचून दाखवलं. ती फोनवर इतकी हसली की ठसका लागला. म्हणे, "घे बाई, जिंकलीस!" मीही हसले. मग दोघींनी मिळून उत्तर लिहिलं: आभारी आहे, पण पाचशेच्या वरच्या ऑर्डरीला तो चार्ज तुम्ही आधीपासूनच कुणाकडूनही घेत नाही, मी शनिवारी सकाळी दहा वाजता येत आहे, त्या वेळी ३.६ मीटर रिकामे ठेवावेत. नंदाला 'कृपया' घालायचं होतं. मी काढून टाकलं.